ग्लायडर वैमानिकाने आधी काय घ्यावे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचे विमान, चालवणाऱ्या हौशी वैमानिकांच्या सुरक्षा साधनांविषयीचा लेख वाचला. माहिती चांगली आहे. मात्र साधनांचा क्रम किमतीवरून लावलेला दिसतो आणि माझा मुख्य आक्षेप त्यालाच आहे. मी स्वतः ग्लायडरमध्ये कधी बसलेलो नाही, माझा जन्म सोलापुरात टॉवेल-चादरींच्या मागांवर गेला. परंतु हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रात उड्डाण शिकलेला माझा भाचा आता जर्मनीतील एका क्लबचा सभासद आहे आणि "मामा, साठवलेल्या पैशांतून आधी काय घेऊ?" या त्याच्या प्रश्नावर आमचा महिनाभर खल झाला.

लेखात अग्रस्थानी असलेले टक्करसूचक यंत्र 'फ्लार्म' २००४ साली स्वित्झर्लंडमध्ये आले. ते जीपीएसवरून आपला पुढील काही सेकंदांचा मार्ग काढते, रेडिओने इतरांना कळवते आणि दोन मार्ग जुळू लागले की इशारा देते. वर चढणाऱ्या उष्ण हवेच्या एकाच स्तंभात पाच-सहा ग्लायडर घिरट्या घालत असताना ते मोलाचे खरे. पण समोरच्याकडेही तसेच यंत्र असेल तरच ते बोलते. युरोपात ते बहुतेक ग्लायडरमध्ये असते. जिथे ते मोजक्यांकडेच आहे तिथे ही खरेदी एकट्याने नव्हे, तर सर्वांनी मिळून करायला हवी. (त्याच स्तंभात फिरणाऱ्या घारींकडे कोणतेच यंत्र नसते, म्हणून नजर बाहेर ठेवावीच लागते.)

पॅराशूटविषयी मात्र मी अधिकाराने लिहितो, कारण तो शेवटी कापडाचा प्रश्न आहे. भाच्याने व्हिडिओ कॉलवर आपले पॅराशूट दाखवले, ते मोटारीच्या मागच्या सीटवर काचेतून येणाऱ्या उन्हात पडलेले होते. मी त्याला पॅराशूटच्या खिशातले नोंदीचे कार्ड काढायला लावले, तर घडी नव्याने घालण्याची मुदत उलटून चार महिने झाले होते. नायलॉनचा धागा उन्हाने आतून कमजोर होतो आणि वरून नवाकोराच दिसतो; बॅटरीतील आम्लाचा थेंब त्याला खातो; घामाच्या ओलीने बुरशी धरते. अमेरिकेत अशा पॅराशूटची घडी १८० दिवसांत परवानाधारकाकडून नव्याने घालून घेणे बंधनकारक आहे, इतरत्र उत्पादकाने दिलेली मुदत पाळतात. नवे, महाग पॅराशूट घेण्याआधी असलेल्याची घडी घालून घ्यावी, असे माझे मत पडले.

शिवाय पॅराशूट उंचीवरच कामाचे. विंचने, म्हणजे जमिनीवरच्या दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, ग्लायडर वर खेचले जात असताना जमिनीलगत काही बिघडले, तर उडी मारायला अवधीच नसतो. तेव्हा मणका वाचतो तो पट्ट्यांमुळे आणि बसण्याच्या गादीमुळे. घरातील मऊ फोमची उशी इथे घातक आहे. आदळताना ती क्षणात दबते आणि शरीर वेग घेऊन खालच्या कडक सीटवर आपटते. धक्का शोषणारा, सावकाश दबणारा फोम वेगळा मिळतो आणि तो सुरक्षा साधनांतील सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी एक असूनही लेखात त्याचा उल्लेख नाही. खांद्यांच्या व कमरेच्या पट्ट्यांखेरीजचा पाचवा, मांड्यांमधून येणारा पट्टाही राहून गेला आहे. शरीर कमरपट्ट्याखालून पुढे घसरू नये म्हणून तो असतो.

अपघातानंतर उपग्रहामार्फत मदत मागणाऱ्या आपत्कालीन संदेशयंत्राबाबत एक दुरुस्ती सुचवतो. १२१.५ मेगाहर्ट्झवरील जुनी यंत्रे स्वस्तात मिळतात, असे लेखात म्हटले आहे. परंतु १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रह त्या संदेशांची दखल घेत नाहीत. ४०६ मेगाहर्ट्झचे, रीतसर नोंदणी केलेले यंत्रच घ्यावे. भारतातील असे संदेश बंगळुरूच्या इस्रो केंद्रात पोहोचतात. यंत्र अंगावरच बांधलेले असावे, कारण उडी मारल्यावर वैमानिक एका शिवारात आणि ग्लायडर दुसऱ्याच शिवारात पडते.

भाच्याने तूर्त घडी घालून घेतली आणि फोमची गादी घेतली. फ्लार्म क्लबच्या ग्लायडरमध्ये आधीपासूनच होते. संदेशयंत्र पुढच्या वर्षी घेणार आहे. आपण लेखाचा दुसरा भाग छापणार असाल, तर तक्त्यात किमतीच्या रकान्याशेजारी 'मुदत' असा एक रकाना घालावा आणि त्यात पॅराशूटची घडी, संदेशयंत्राची बॅटरी व पट्टे या तिन्हींची नोंद असावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वस्त्रोद्योग तंत्रज्ञ, सोलापूर