'सगळे वाचले' म्हणण्याआधी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

शॅकलटनच्या अंटार्क्टिका मोहिमेचं पुस्तक दोन रात्रींत संपवलंस आणि 'बाबा, २८ च्या २८ माणसं जिवंत परतली!' असं कळवलंस. वाचून फार बरं वाटलं. आता त्याच २८ जणांतल्या सुताराकडे, हॅरी मॅकनिशकडे, पुन्हा एकदा नीट बघ.

त्यांचं जहाज 'एन्ड्युरन्स' १९१५ मध्ये वेडेल समुद्राच्या बर्फात चिरडून बुडालं. पुढं सगळे एलिफंट बेटावर पोचले, आणि तिथून मदत आणायला सहा जण 'जेम्स केर्ड' घेऊन निघाले. जेमतेम साडेबावीस फुटांची होडी! मॅकनिशनं बर्फावर असतानाच तिचे काठ उंचावून ठेवले होते. बेटावर त्यानं स्लेजच्या पट्ट्या, खोक्यांच्या फळ्या आणि कॅनव्हास जोडून वरची बाजू झाकली. कॅनव्हास गोठून इतका कडक झाला होता, की चुलीवर धरून थोडा थोडा सैल करत शिवावा लागला. फटी बुजवायला दिव्याची वात, चित्रकाराचे तेलरंग आणि सीलचं रक्त. त्या झाकणाशिवाय होडी तगली नसती, असंच मला वाटतं. होडी दक्षिण जॉर्जिया बेटाला लागल्यावर मदतीसाठी तिथले डोंगर ओलांडायला निघालेल्यांच्या बुटांना होडीतले स्क्रू बसवले, तेही त्यानंच. एवढं करूनही शॅकलटननं त्याला पोलर मेडल, म्हणजे ध्रुवीय मोहिमांसाठीचं ब्रिटिश पदक, मिळू दिलं नाही. बर्फावर एकदा त्यानं हुकूम मानला नव्हता ना! शॅकलटन मोठा माणूस, पण इथं त्यानं अन्याय केला. मला ते अजून सलतं.

आणि 'सगळे परतले' हे एका जहाजापुरतंच खरं आहे गं. मोहिमेचं दुसरं जहाज, 'ऑरोरा', खंडाच्या पलीकडच्या बाजूला रॉस समुद्रात गेलं होतं. शॅकलटन खंड ओलांडून येईल, तेव्हा वाटेत त्याची उपासमार होऊ नये म्हणून तिथल्या तुकडीनं अन्नाचे साठे ठेवायचे होते. मे १९१५ मध्ये वादळानं 'ऑरोरा'चे दोर तोडले, ती बर्फासोबत वाहत गेली आणि १० जण किनाऱ्यावर अडकले. धड कपडे नाहीत, पुरेसं सामान नाही. आधीच्या मोहिमांनी मागं सोडलेलं काय काय गोळा करून, स्कर्व्हीनं, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या रोगानं, अंग मोडलेलं असताना त्यांनी बिअर्डमोर हिमनदीच्या पायथ्यापर्यंत साठे पोचवले. ज्याच्यासाठी हे केलं, तो त्या वाटेवर निघालाच नव्हता, आणि हे त्यांना कळायला काही मार्ग नव्हता. त्यांच्यातले स्पेन्सर-स्मिथ, मॅकिंटॉश आणि हेवर्ड तिथंच मरण पावले.

होडीचा प्रवास थरारक आहेच, पण मला या तुकडीचं काम त्याहून मोठं वाटतं. पुढचं पुस्तक त्यांच्यावरचंच घे. वाचायला बसण्याआधी ॲटलासमध्ये वेडेल आणि रॉस, दोन्ही समुद्र शोधून ठेव. मधलं अंतर डोळ्यांसमोर असलं की पानं वेगळी वाचली जातात.

जेवण वेळेवर घे.

तुझे,
बाबा