मनोनिग्रहाचा सल्ला अपुरा

मा. संपादक महोदय,

व्यसनमुक्ती हा अखेर मनोनिग्रहाचाच प्रश्न आहे, असा सूर आपल्या दैनिकातील अमली पदार्थांवरच्या लेखात होता. त्याविषयी थोडे लिहिते.

माझ्या भाच्याला गर्द, म्हणजे भेसळीचे हेरॉइन, सोडून आठ महिने झाले होते. एका सकाळी त्याच्या डब्याच्या पोळ्या गुंडाळायला मी अ‍ॅल्युमिनियमचा कागद फाडला आणि तो अर्धा चहा टाकून गॅलरीत गेला. हातांना घाम सुटला, पोटात ढवळले, असे त्याने मागाहून सांगितले. गर्द ओढायला तीच पन्नी लागते, हे तोवर माझ्या ध्यानातच आले नव्हते. नातेवाइकांनी मात्र ‘याच्या डोक्यातून अजून गेलेले नाही’ असा निकाल दिला. निकाल अक्षरशः खरा होता, फक्त त्यांना अभिप्रेत असलेल्या अर्थाने नव्हे.

अमेरिकेत अ‍ॅना रोझ चाइल्ड्रेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, कोकेनच्या आहारी गेलेल्या २२ पुरुषांना कोकेनशी संबंधित चित्रे अवघी ३३ मिलिसेकंद दाखवली होती. चित्र पाहिल्याची जाणीवही होऊ नये इतका हा वेळ कमी. तरीही भावना आणि ओढ यांच्याशी निगडित मेंदूचे भाग उद्दीपित झाले. जे दिसल्याचे कळलेच नाही, त्याच्यापुढे निग्रह करायचा तरी कसा?

अमेरिकी संशोधक नोरा व्होल्को यांच्या चमूने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मेथॅम्फेटामाइन हा उत्तेजक अमली पदार्थ सोडलेल्या पाच जणांच्या मेंदूचे दुसऱ्यांदा चित्रण केले होते. डोपामाइन हे सुखाच्या ओढीशी निगडित मेंदूतले रसायन पुन्हा शोषून घेणाऱ्या प्रथिनांचे घटलेले प्रमाण बरेच सावरले होते, पण ते १२ ते १७ महिन्यांच्या संयमानंतर. आणि स्मृतीच्या व हालचालींच्या चाचण्यांतली सुधारणा तेव्हाही तितकीशी नव्हती. माणसे पाचच आणि पदार्थ वेगळा, हे मान्य. तरी महिना-दीड महिना केंद्रात राहून आलेल्या मुलाला ‘आता बरा झालास’ म्हणून त्याच गल्लीत, त्याच मित्रांत सोडताना हा हिशेब कुणी मांडतो का? व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेले बहुसंख्य अमेरिकी सैनिक मायदेशी परतल्यावर पुन्हा व्यसनात अडकले नाहीत, असे अमेरिकी संशोधक ली रॉबिन्स यांना १९७०च्या दशकात आढळले होते. त्यांचा परिसरच बदलला होता, हे त्यामागचे एक मोठे कारण मानले जाते.

केंद्रातून परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षाची जबाबदारी कुणाची, यावर आपण एखादी लेखमाला द्यावी, ही विनंती. भाच्याला घरी पाठवताना आमच्या हाती दिलेल्या कागदावर गोळ्यांची नावे होती; पुढच्या भेटीची तारीख नव्हती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा