‘डिलीट कर’ कोणाला सांगता?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांची समाजमाध्यमांवरची खाती बंद केली. तेव्हापासून आमच्याकडे चहाच्या टपरीवर एकच विषय आहे, आपल्या पोरांचं हे कधी बंद होणार? माझ्या दुकानात तर बाप लोक येऊन सरळ सांगतात, "भाऊ, असं काही करून दे, फोन चालला पाहिजे पण इन्स्टा नाही चाललं पाहिजे." लाखांदूर तालुक्यात माझं मोबाईल दुरुस्ती आणि झेरॉक्सचं दुकान आहे. दिवाळी झाली की दुकान लहान भावाच्या हवाली करतो आणि झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत ऑक्टोपॅड हे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य वाजवतो. आधी तबला होता. म्हणजे पोरं ज्या फोनवर रील बनवतात तोही माझ्या हातून जातो, आणि रीलमधला आवाज कधीकधी माझ्याच हातचा असतो. या हंगामात तो फार वाईट जागी माझ्या हातचा निघाला, म्हणून हे पत्र.

मंडईच्या रात्रीचं नाटक होतं. आपले पुण्या-मुंबईकडचे वाचक असतील त्यांच्यासाठी सांगतो. वैनगंगेपलीकडे वडसा, म्हणजे देसाईगंज. तिथे रस्त्याला लागून नाटक कंपन्यांची ऑफिसं. भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, पाहुणे, आणि रात्री दहाला उघडलेला पडदा पहाटेच पडायचा. कॉमेडी करणाऱ्या नटावर पब्लिक जीव टाकते. शिट्ट्या, वन्समोर, दहा-वीस-पन्नासची नोट, आणि नोट देणाऱ्याचं नाव माईकवरून. फॅन हा शब्द आमच्याकडे उशिरा आला असेल, फॅन लोक आधीपासूनच आहेत. माझी पोरगी बारावीला आहे. त्या रात्रीच्या कॉमेडी नटाची ती दोन वर्षांपासूनची चाहती. त्याच्यासोबतचा सेल्फी तिच्या फोनच्या वॉलपेपरवर होता. कोरियाच्या बीटीएस या गाण्याच्या बँडमधल्या सात पोरांना बाजूला सरकवून त्याला ती जागा मिळाली होती, यावरून काय ते समजा.

नटाने त्या रात्री मासे विकणाऱ्या ढिवर, म्हणजे मासेमार जातीच्या, बाईवर एक डायलॉग टाकला. वासावर होता. तो इथे लिहीत नाही. एकदा ऐकावा लागला त्यांना आता पेपरात वाचायला लावायचं काही कारण नाही. पब्लिक हसली. डायलॉग संपल्याबरोबर जी थाप पडते आणि हसू दुप्पट होते, ती थाप माझी होती. वीस वर्षं मी अशा जागा भरून राहिलो आहे. थाप कुठे मारायची हे हाताला आपोआप कळते. कशावर मारली, हे डोक्यापर्यंत जातच नाही.

कोणीतरी ते शूट केलं आणि आठवड्यात त्याचं ऑडिओ झालं. रीलच्या खाली ऑडिओचं नाव असते, त्यावर बोट ठेवलं की तोच आवाज आपल्या व्हिडिओला जोडता येतो. आधी मंडपातला विनोद मंडपासोबत जायचा. सकाळी बल्ल्या, ताडपत्री निघाली की तोही निघाला. हा मात्र उचलून कोणाच्याही डोक्यावर ठेवता येतो. आमच्याकडच्या एका सतरा वर्षांच्या पोराने तो बुधवारच्या बाजारात मासे घेऊन बसलेल्या एका बाईच्या व्हिडिओवर ठेवला. बाईला पत्ताही नाही. ती माझ्या पोरीच्या वर्गमैत्रिणीची आई. पहाटे नवरा मालगुजारी तलावात जाळं टाकतो, सकाळी ही टोपलं घेऊन बसते, कॉलेज नसलं की पोरगी तराजू धरते. अकरा हजार लोकांनी ती रील पाहिली. दुसऱ्या दिवसापासून पोरगी कॉलेजात आली नाही.

मग माझ्या पोरीने व्हिडिओ टाकला. एक मिनिट वीस सेकंद, झाडीबोलीत. हे झाडीबोलीचं मुद्दाम सांगतो, कारण अकरावीत ती वर्गात ‘पानी’ म्हणाली आणि पोरं हसली, तेव्हापासून ती वर्गात मोजूनमापून बोलते. फोनसमोर मात्र ती आजीसारखी बोलते. तिथे ‘पानी’ही असते, ‘लोनी’ही असते, आणि दूरदूरचे लोक लिहितात की आमच्या घरीही असंच बोलतात. ज्या फोनला मी दिवसभर शिव्या देतो, त्या फोनने माझ्या पोरीला तिची बोली परत दिली, हे कबूल केलं पाहिजे. व्हिडिओत ती म्हणाली, "मी याची फॅन आहो. पयल्या रांगेत बसून शिट्ट्या मारल्या, आताही मारीन. पन या डायलॉगवर मले हासू येत नाही. ज्या बाईवर तुमी हासून राहिले, तिच्याच हातचे मासे तुमच्या घरी शिजतात."

मी दुकानात बसून ते चारदा पाहिलं. संध्याकाळी घरी गेलो तर तिने ताट वाढतावाढता विचारलं, "बाबा, त्या डायलॉगवर तुमीच वाजवलं ना जी?" मी मीठ मागितलं.

नटाचे चाहते तिच्यावर तुटून पडले. ‘कोरियावाल्यांची भक्त, तुले झाडीपट्टी काय समजते’ इथपासून आमच्या जातीपर्यंत सगळं झालं. पण गंमत दुसरीकडची. तिच्या बाजूने बोलायला जे लोक दुरून आले, त्यांतल्या अर्ध्यांनी आयुष्यात मंडप पाहिला नसेल. ते लिहायला लागले की हे सगळं नाटकच गावठी आहे, थिल्लर आहे, बंद करा. या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, हे त्यांच्या गावीही नसावं. पोरगी त्यांच्याशीही भांडली. एका डायलॉगसाठी नटाशी भांडण आणि त्याच नटाच्या रंगभूमीसाठी परक्यांशी भांडण, अशी ती दोन रात्री दोन तोंडांनी लढत होती. मला तेव्हा तिची खरंच कीव आली. आमच्या वेळेस नाटक नाही आवडलं तर सतरंजी झटकून घरी यायचो.

आणि दुसऱ्या रात्री तिचा तोल गेला. रील बनवणाऱ्या पोराचा फोटो, त्याच्या बापाचं नाव आणि मोबाईल नंबर तिने दुसरा व्हिडिओ करून त्यात टाकून दिला. नंबर कुठून घेतला, तर माझ्या दुकानाच्या उधारीच्या वहीतून.

तो बाप राईस मिलमध्ये हमाल आहे. घरात फोन एकच, मिलमधून कामाचं बोलावणं त्याच फोनवर येते. रात्रभर फोन वाजला. कोण कुठले लोक त्याला आईबहिणीवरून बोलत होते, न्यायासाठी म्हणे! त्याने फोन बंद केला. तीन दिवस बंद ठेवला, तीन दिवसांची मजुरी गेली. पोरगा घाबरून अर्जुनी मोरगावकडे मामाच्या घरी निघून गेला.

आधी घरात आमचा वाद व्हायचा तेव्हा पोरगी बीटीएसचा दाखला द्यायची. जून २०२० मध्ये त्या मंडळींनी आणि त्यांच्या कंपनीने अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चळवळीला दहा लाख डॉलर दिले, तर त्यांच्या चाहत्यांनी साधारण एका दिवसात तेवढेच पैसे आपल्या खिशातून जमवले. "पाहा बाबा, फॅन म्हंजे नुसता नाचनं नाही." तिचं खरं आहे. पण ज्या ताकदीने एका दिवसात दहा लाख डॉलर जमतात, त्याच ताकदीने एका रात्रीत एका हमालाचा फोनही बंद पडतो. हे मी तिला तेव्हा बोललो नाही. तिला ते आधीच समजलं होतं. दोन दिवस जेवली नव्हती.

मग गावातल्या चार जाणत्या लोकांनी बैठक बसवली. निकाल पाच मिनिटांत. "दोघांनीबी डिलीट करा, गावाचं नाव खराब होऊन राहिलं." एकाने मला बाजूला घेऊन सांगितलं, पोलिसांत गेलं तर पोरीच्या नोकरीचं वाटोळं होईल, साधं लाइक केलं तरी उचलतात. २०१२ मध्ये पालघरला दोन पोरींना उचललं होतं हे खरं. एकीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने लाइक केलं. पण माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ज्या ६६अ कलमाची तेव्हा एवढी दहशत होती ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं, त्याला दहा वर्षं होऊन गेली. कलम गेल्याची बातमी आमच्या बैठकीपर्यंत अजून पोचायची आहे.

बैठकीत एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. ज्या बाईवरून हे सारं उभं झालं, तिला कोणी बोलावलंच नव्हतं. नटाचं नाव निघालं नाही. डायलॉग निघाला नाही. चूक म्हणजे काय, तर बोभाटा झाला ती.

घरी येऊन मीही तेच म्हटलं, "डिलीट कर."

ती म्हणाली, "कोन्ता?"

संपादक साहेब, माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी दोन्ही व्हिडिओंना एकाच नावाने मोजत होतो, बैठकीसारखंच. दोन्हींत फरक आहे हे पोरीला माझ्याआधी कळलं होतं. नंबरवाला तिने त्याच रात्री काढला. पहिला काढणार नाही म्हणाली, आणि तो आजही आहे. सकाळी आम्ही दोघं हमालाच्या घरी गेलो. ती पाया पडली, चुकलं म्हणाली. त्याने पाणी दिलं आणि म्हणाला, "पोरगा चुकला, मी नाही कुठं म्हनत? पन मजुरी तं माही गेली." तीन दिवसांचे पैसे मी दिले. त्याने घेतले, आणि ते त्याने घ्यायलाच पाहिजे होते. उधारीची वही आता कुलपात असते.

म्हणून पोरांच्या फोनवर बंदी घाला म्हणणाऱ्यांना मला विचारायचं आहे. २९ सप्टेंबर २००६ ला आमच्याच भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चार जणांची हत्या झाली. राज्यभर त्याचा आवाज उठायला महिना उलटून गेला. तेव्हा पोरांच्या हातात फोन नव्हते. गावं शांत होती, असं आजही लोक सांगतात. कोणासाठी शांत होती? आणि बंदीने काय होते तेही आम्ही पाहिलं आहे. २९ जून २०२० ला टिकटॉक बंद झालं. कारण देशाच्या सुरक्षेचं होतं, त्यात मला बोलायचं नाही. पण रोवणीच्या बांधीत नाचणारी, बैल हाकताहाकता गाणी म्हणणारी आमची पोरं त्या रात्री जी दिसेनाशी झाली, त्यातली बरीच पुन्हा दिसली नाहीत. बाकीची दुसऱ्या ॲपवर गेली. वयाची अट तर माझ्या काउंटरवर रोज मोडते. बारा वर्षांचं पोरगं जन्मसाल २००० टाकते आणि बाजूला उभा बाप म्हणतो, "टाक, लवकर कर."

मला पोरीकडून हिशोब नको, मला आमच्याकडून हवा आहे. वडशाच्या निर्मात्यांना माझी विनंती आहे की पुढच्या हंगामाच्या तालमी सुरू होतील तेव्हा कॉमेडीचं पानही लिहिलेलं असावं. आता ते बहुतेक नटाच्या तोंडावर सोडलेलं असते, जे सुचेल ते, जे हसवेल ते. मंडपातली हजार माणसं हसली तरी त्यातली पन्नास मान खाली घालून बसलेली असतात, आणि आता ते सगळं रेकॉर्ड होते.

नटाशी मी बोललो. नाटकाला जाताना गाडीत, तो पुढच्या सीटवर, मी मागे वाद्यांजवळ. माणूस वाईट नाही. माझ्या आईच्या आजारपणात त्याने न मागता पैसे पाठवले होते. तो म्हणाला, "मास्तर, पब्लिक मागते. मी काय करू?" पोरीचा व्हिडिओ त्याने पाहिला होता. "पोरगी बोलते चांगली," एवढंच म्हणाला.

त्या रात्री डायलॉग पुन्हा आला. माझे दोन्ही हात वर गेले आणि मी ते मांडीवर ठेवले. थाप पडली नाही. मंडपात हसू आलं, नाही असं नाही. पण उशिरा आलं, तुटक आलं, आणि नटाने एकदा खाली माझ्याकडे पाहिलं. त्यानंतरच्या दोन प्रयोगांना मला बोलावणं आलं नाही. तिसऱ्याला आलं. डायलॉग अर्धा झाला होता. बाई होती, वास नव्हता. पोरीला सांगितलं तर म्हणाली, "बाईबी काढा म्हना." वॉलपेपरवर आता सातजण परत आले आहेत.

तिची मैत्रीण कॉलेजात यायला लागली, परीक्षेपुरती. मागच्या बुधवारी मी बाजारात तिच्या आईच्या टोपल्यापुढे उभा राहिलो. मनात वाक्य जुळवून गेलो होतो. समोरून एक पोरगा फोनवर बोलत बोलत गेला, तर तिने पदर तोंडावर ओढला, तो लांब जाईपर्यंत. मग मला विचारलं, "किती देऊ, भाऊ?" मी अर्धा किलो मरळ घेतली, पैसे दिले आणि परत आलो. या बुधवारी पुन्हा जाणार आहे.

पोरीसाठी आणि त्या मायलेकींसाठी माझं नाव छापू नये, ही विनंती.

आपला,
एक ऑक्टोपॅडवादक
ता. लाखांदूर, जि. भंडारा