दुरुस्तीचा हक्क द्या, पण रीडिंगसकट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे, म्हणजे विकत घेतलेली वस्तू ग्राहकाला स्वतः किंवा बाहेरून दुरुस्त करून घेता यावी यासाठीचे, पोर्टल सुरू केले. त्यात शेतीची अवजारे, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे घेतली. रुग्णालयातली यंत्रे मात्र वगळली. ट्रॅक्टरवाल्याचा निदान विचार तरी झाला. व्हेंटिलेटर विकत घेणाऱ्या रुग्णालयाचा तोही नाही.

व्हेंटिलेटरचा ऑक्सिजन सेल, म्हणजे ऑक्सिजनचे प्रमाण मोजणारा भाग, साधारण वर्ष-दोन वर्षांत संपतो. तो बदलून 21 टक्के (साधी हवा) आणि 100 टक्के ऑक्सिजनवर कॅलिब्रेशन करणे, म्हणजे मोजमाप जुळवून घेणे, वॉर्डातल्या प्रशिक्षित माणसालाही जमते. पण प्रेशर सेन्सरचा बोर्ड बदलला की सर्व्हिस मेनूत, म्हणजे यंत्राच्या दुरुस्तीसाठीच्या सेटिंगमध्ये, शिरावे लागते आणि त्याचा पासवर्ड बहुधा कंपनी देत नाही. मग मुंबई-पुण्याहून इंजिनिअर येईपर्यंत गडचिरोली किंवा गोंदियातले यंत्र कोपऱ्यात झाकून ठेवायचे. जवळच नागपुरात जाणकार माणूस असला तरी त्याचा उपयोग नाही.

कंपन्या म्हणतात, बाहेरच्याने हात लावला तर रुग्णाच्या जिवाला धोका. औषधे आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने मे 2018 च्या अहवालात याचाच विचार केला होता. बाहेरच्या दुरुस्तीमुळे व्यापक धोका आहे असे म्हणण्याइतका पुरावा नाही, उलट अशा अनेक संस्था दर्जेदार आणि सुरक्षित काम करतात, असे त्यात म्हटले आहे. पण म्हणून आपल्याकडे सगळे आलबेल आहे असे नाही.

शिरेतून ठरावीक वेगाने औषध सोडणाऱ्या इन्फ्युजन पंपाची बॅटरी घ्या. अनेक पॅकना दोनऐवजी तीन तारा असतात. तिसरी तार थर्मिस्टरची, सेल किती तापला हे चार्जरला कळवणारी. नागपुरातल्या सीताबर्डीच्या बाजारातून आणलेले सेल जोडताना थर्मिस्टरच्या जागी तापमानाचा पत्ता नसलेला एक साधा रेझिस्टर डकवला, की पंप सुरू होतो, दिवा हिरवा लागतो आणि बिल निघते. चार्जरला मात्र आता कायम एकच तापमान दिसते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला आणि वॉर्डातला कूलर बंद पडला, की सेल फुगतात. रुग्णाला दुसऱ्या वॉर्डात हलवताना प्लग काढला की पंप मिनिटांत बंद, आणि त्यातून रक्तदाब टिकवणारे औषध चालू असेल तर पुढचे सांगायला नको.

म्हणून हक्कासोबत चाचणीची आणि तिची रीडिंग लिहून ठेवण्याची सक्ती हवी. पंप दुरुस्त झाल्यावर ताशी 100 मिलीवर अर्धा तास चालवून पाणी वजनावर मोजावे. 50 ग्रॅम यायला हवे. बहुतेक पंपांना 5 टक्के फरक चालतो, म्हणजे 47.5 ते 52.5. नळीचा सेट तोच वापरावा ज्यावर पंप कॅलिब्रेट केला आहे. नळी चिमटून अलार्म वाजतो का, दार उघडल्यावर औषध आपोआप वाहत नाही ना, हेही पाहावे. हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या डिफिब्रिलेटरला 200 ज्यूल लावले तर अ‍ॅनलायझरवर, म्हणजे तपासणीच्या मोजयंत्रावर, 170 ते 230 च्या आत दिसले पाहिजेत. प्लगवर चालणाऱ्या प्रत्येक यंत्राची अर्थिंग आणि लीकेज करंट, म्हणजे यंत्रातून बाहेर झिरपणारी वीज, मोजलीच पाहिजे. आकडे, तारीख, अ‍ॅनलायझरच्या कॅलिब्रेशनची मुदत आणि सही हे सगळे लॉगबुकात हवे. 'चेक्ड, ओके' एवढ्या दोन शब्दांवर यंत्र वॉर्डात जाता कामा नये, मग ते कंपनीच्या माणसाने लिहिलेले का असेना. एक्स-रे, सीटीला अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम आहेत. ते तसेच राहावेत.

कायद्याची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. राज्यात 2023 पासून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आहे. सर्व्हिस मॅन्युअल, पासवर्ड, सुट्या भागांचे दरपत्रक, 10 वर्षे भाग पुरवण्याची हमी आणि रुग्णालयाच्या दोन तंत्रज्ञांचे प्रशिक्षण या अटी निविदेतच घालाव्यात. आज खरेदीच्या वेळी घासाघीस होते ती किमतीवर; वॉरंटी संपल्यावरच्या करारात भाग धरले आहेत की नुसती मजुरी, हे अनेकदा यंत्र बंद पडल्यावरच कळते. मॅन्युअल आणि पासवर्ड भांडारात जमा झाल्याची नोंद होईपर्यंत शेवटचे 10 टक्के बिल अडवून ठेवावे.

आपला,
वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीतील एक वाचक, नागपूर