शेवंतीला अंधार हवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हिवाळ्यातल्या बागेवर लेख होता. कुंड्यांना गोणपाट गुंडाळा, नाजूक झाडं घरात घ्या, गारठा सरेपर्यंत पेरणी थांबवा, असा त्यातला सल्ला. तो जिथे बर्फ पडतो तिथे ठीक असेल. शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसच्या, म्हणजे हवामान खात्याच्या, नोंदीत पुण्याचा नीचांक १.७ अंश आहे, आणि तोही १७ जानेवारी १९३५चा. एरवी पाषाणकडे पारा आठ-नऊवर आला की आपणच कानटोप्या शोधायला लागतो; बहुतेक झाडांचं काही बिघडत नाही. उलट कुंडीत झाडं लावणाऱ्या पुणेकराचे सगळ्यात चांगले तीन महिने हेच.

मी कोथरूडला तळमजल्यावर राहते. पोस्टातून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. गॅलरी आणि तिच्यापुढची चार फुटांची पट्टी, एवढी माझी शेती. तुळशीचं लग्न लागलं की दुसऱ्या दिवशी सकाळी कात्री-खुरपं घेऊन बसते. पहिला मान तुळशीचा. नवरीला दुसऱ्याच दिवशी कात्री लावता म्हणून सून हसते, पण मंजिऱ्या तशाच ठेवल्या तर झाड बी धरतं आणि पौषापर्यंत त्याच्या काटक्या होतात.

मग गुलाब. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या, म्हणजे फूट निघते त्या गाठीच्या, जरा वर तिरका काप घ्यायचा, वाळकी आणि आत वळलेली फांदी मुळापासून काढायची, कापलेल्या तोंडाला बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावायची. मी हळदही लावलेली आहे, चालते. छाटणीनंतर साधारण पंचेचाळीस ते पन्नास दिवसांनी फूल येतं. एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन २६ जानेवारीच्या सुमारास असतं. तिथे गुलाब ठेवायची हौस असेल तर उलटा हिशेब करा, छाटणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येते. मला बक्षीस कधी मिळालेलं नाही, पण हा हिशेब चुकलेला नाही.

पाण्याचं एकच सांगते. रोज पाणी घालायची सवय उन्हाळ्याची असते आणि ती सुटत नाही. बोट दोन पेरं मातीत घालून बघावं, ओल लागली तर झारी ठेवून द्यावी. माझ्याकडे आता तिसऱ्या दिवशी पाळी येते, तीही सकाळी. मोगऱ्याचं तर पाणी मुद्दाम तोडायचं. डिसेंबरात त्याला ताण दिला, मग छाटून शेणखत घातलं, की फेब्रुवारीअखेर कळ्यांचे झुबके येतात. चाफ्याची पानं गळाली म्हणून त्याला मेला समजू नका. आमच्या शेजारच्या इमारतीत मागच्या वर्षी असाच एक जिवंत चाफा उपटून कचऱ्याच्या गाडीत टाकला. फांदीला नख लावून बघितलं असतं तर चीक दिसला असता.

पेरायला मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर. धने लाटण्याने रगडून त्याचे दोन भाग करून पेरा, अख्खा धना उगवायला रुसतो. पिटुनिया, फ्लॉक्स, डायन्थसची रोपं सोरतापवाडीच्या रोपवाटिकांमधून आणली तर गल्लीच्या कोपऱ्यावरच्या हातगाडीपेक्षा स्वस्त पडतात, पण त्यासाठी सोलापूर रस्त्याची वाहतूक सोसायची तयारी हवी.

हे सगळं पुष्कळांना ठाऊक असतं. मला लिहायचं आहे ते शेवंतीबद्दल, कारण त्या लेखात शेवंतीचा शब्दही नव्हता, आणि मला धडा मिळाला तो तिच्याकडूनच.

मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या पूजेला घरची शेवंती असावी म्हणून मी दरवर्षी पिवळी शेवंती लावते. आईच्या वेळेपासूनची जात आहे, फूल बारीक पण वासाचं. फेब्रुवारीत मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटलेली पिल्लं, वेगळे करायचे, पावसाळ्यात दोनदा शेंडे खुडायचे, गणपतीनंतर मात्र शेंड्याला हात लावायचा नाही. गेल्या वर्षीही सगळं असंच केलं. मार्गशीर्षाचा पहिला गुरुवार आला तेव्हा मागच्या बाजूच्या, मोरीकडच्या चार कुंड्या पिवळ्याधमक. गॅलरीसमोरच्या लांबट कुंडीत मात्र नुसता पाला. मुनवे एकाच झाडाचे, माती एक, खत एक. शेंडे एकेक करून चाचपले, बोटाला कळीचं बटण लागेना. फक्त डाव्या टोकाला वीतभर जागेत फुलं होती.

संध्याकाळी दिवे लागले तेव्हा उलगडा झाला. दिवाळीच्या दोन महिने आधी पार्किंगमधून कोणी तरी स्कूटरचं पेट्रोल काढलं, म्हणून आमच्या सोसायटीने भिंतीवर मोठा एलईडी फोकस लावला होता. तो संध्याकाळी सातपासून सकाळी सहापर्यंत थेट माझ्या कुंडीवर. डाव्या टोकाला गॅलरीच्या खांबाची सावली पडत होती, बरोबर वीतभर.

माझा भाचा मावळात पॉलिहाऊसवर कामाला आहे. त्याला फोन केला तर तो हसायलाच लागला. "मावशी, आम्ही शेवंती लांबवायला रात्री मुद्दाम बल्ब लावतो. तुमच्या सोसायटीने ते फुकटात केलंय." शेवंती रात्रीची लांबी मोजते. जूनअखेर पुण्यात दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात तो अकरावर येतो. रात्र लांबली की ती कळी धरते. मध्येच उजेड पाडला तर तिच्या लेखी रात्र लांबलीच नाही. ख्रिसमसला लाल होणाऱ्या पॉइन्सेटियाचंही तेच. 'पानं हिरवीच राहिली, झाड खराब निघालं' म्हणून रोपवाटिकावाल्याशी भांडायला जाण्याआधी कुंडी रात्री कुठे ठेवता ते बघा.

त्या वर्षी मी टीव्हीचं रिकामं खोकं रोज संध्याकाळी सहाला कुंडीवर पालथं घालायला लागले. सकाळी आठला काढायचं. वॉचमन विचारायचा, "मावशी, आत कोंबड्या आहेत का?" पौष संपता संपता फुलं आली, पण तोवर मार्गशीर्ष होऊन गेला होता आणि मोरीकडची फुलं पुरेनात म्हणून मी चारही गुरुवार मंडईतल्या शेवंतीला पैसे मोजून बसले होते.

यंदा ऑगस्टातच सेक्रेटरींकडे गेले. ते म्हणाले, "काकू, फुलांसाठी दिवा बंद केला आणि चोरी झाली तर मी काय उत्तर देऊ?" रास्त होतं. मी म्हटलं, बंद करू नका, मान खाली करा. चोर जमिनीवरून चालतो, माझ्या गॅलरीतून नाही. शेवटी इलेक्ट्रिशियनने दिव्यावर पत्र्याची टोपी बसवली आणि माणूस आला तरच पेटेल असा सेन्सर लावला. समोरच्या पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना आता पडदा न ओढता झोप लागते, हा वरचा फायदा.

माझी विनंती एवढीच की पुरवणीत हिवाळ्याची कामं देताना हे एक काम घाला. पुण्यातल्या शेकडो सोसायट्यांत असे फोकस आहेत. रात्री दहाला दिवे मालवून गॅलरीत उभं राहा, कुंडीवर हाताची सावली स्पष्ट पडत असेल तर कुंडी हलवा, किंवा दिवा वळवून घ्या. उशिरा फुलणाऱ्या जातींना अजून वेळ आहे. कळ्या धरल्या असतील तर शेंड्यावर काळा मावा, ती बारीक कीड, आहे का बघा, पाण्याच्या जोरकस फवाऱ्याने निम्मा जातो, उरलेल्यावर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी.

आज सकाळी लांबट कुंडी या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली. सगळीकडे बटणं आहेत, मटाराएवढी. सेक्रेटरींनी फेब्रुवारीतल्या मुनव्यांपैकी दोन आत्ताच सांगून ठेवले आहेत.

आपली,
एक निवृत्त पोस्ट कर्मचारी,
कोथरूड, पुणे