सेमा (दरवेशांचा, म्हणजे सूफी साधकांचा, फिरत करायचा उपासनेचा विधी) अर्ध्यातून सोडायला लावल्याबद्दल आणि माहितीपत्रकातील चुकीच्या वर्णनाबद्दल तक्रार

नाशिक
दिनांक : २८ ऑक्टोबर २०२४

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
परदेश सहली

विषय : तुर्कस्तान सहलीत दि. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी सारिहान येथील सेमाला उशिरा नेणे, कार्यक्रम चालू असताना बाहेर काढणे आणि पत्रकात त्याचे चुकीचे वर्णन करणे.

महोदय,

मी नाशिकला गेली बत्तीस वर्षं कथक शिकवते. तुमच्या नऊ दिवसांच्या तुर्कस्तान सहलीला मी, माझे यजमान आणि माझ्या दोन विद्यार्थिनी असे आम्ही चौघं आलो होतो. हॉटेलं चांगली होती, जेवणाची आबाळ झाली नाही, माझ्या यजमानांचं गुडघ्याचं दुखणं लक्षात ठेवून बसमध्ये पुढची जागा दिली गेली. हे आधी लिहिते, कारण माझी तक्रार सबंध सहलीबद्दल नाही. ती एका संध्याकाळबद्दल आहे, पण मी सहल घेतली होती ती त्याच संध्याकाळसाठी.

तुमच्या पत्रकात सहाव्या दिवसाखाली लिहिलं आहे : ‘ऐतिहासिक वास्तूत पारंपरिक टर्किश डान्स शो आणि डिनर.’ वास्तू कोणती आणि नाच कोणता, याचा उल्लेख नाही. म्हणून पैसे भरण्याआधी मी तुमच्या कॉलेज रोडच्या ऑफिसात जाऊन विचारलं. अवानोसजवळच्या सारिहानमध्ये फिरणाऱ्या दरवेशांचा सेमा दाखवणार, असं मला तिथे सांगितलं. कार्यक्रम ऐच्छिक होता, माणशी ७० युरो. आम्ही चौघांचे २८० युरो त्याच दिवशी भरले. पावती सोबत जोडली आहे.

त्यानंतरचे सहा महिने मी त्या दोन मुलींची तयारी करून घेत होते. कथकमध्ये आपण चक्कर घेतो तेव्हा डाव्या टाचेवर तोल असतो, नजर समोरच्या एका बिंदूवर रोखलेली असते आणि मान झटक्यात परत तिथेच येते. भोवळ येत नाही ती यामुळे. सेमाझेन, म्हणजे सेमात फिरणारे दरवेशही, डाव्याच पायावर फिरतात, डावीकडेच फिरतात, पण नजर कुठेही रोखत नाहीत. मान किंचित उजवीकडे कललेली, उजवा तळवा वर, डावा खाली, आणि डावा पाय जमिनीत रोवलेल्या खांबासारखा. वरून घ्यायचं आणि खाली देऊन टाकायचं, स्वतःजवळ काही ठेवायचं नाही, असा त्या हातांचा अर्थ सांगतात. दहा-पंधरा मिनिटं असं फिरून माणूस थांबतो आणि झोकांडी न जाता नमस्कार करतो. हे कसं साधतं, ते माझ्या मुलींनी डोळ्यांनी पाहावं अशी माझी इच्छा होती.

आता त्या दिवशी काय झालं ते सांगते.

व्हाउचरवर कार्यक्रमाची वेळ सहाची होती. दुपारी गोरेमेचं खुलं संग्रहालय पाहून आपली बस अवानोसला आली. तिथे किझिलिर्माक नदीच्या लाल मातीची भांडी करणाऱ्या कारखान्यात अर्धा तास ठरला होता, तो वेळेत झाला. त्यानंतर पत्रकात नसलेल्या एका गालिच्यांच्या दुकानात बस थांबवली. आम्हाला चहा दिला, एकामागून एक गालिचे उलगडले, दार लोटून घेतलं. साडेपाचला मी टूर मॅनेजरना म्हटलं, “सहाला पोचायचं आहे.” ते म्हणाले, “काकू, शो काय, थोडा उशीर चालतो. मंडळी खरेदी करतायत.” बस सुटली सहा वाजून पाच मिनिटांनी. सारिहान तिथून जेमतेम पाच-सहा किलोमीटर, पण आम्ही पोचून आत जाईपर्यंत पंचवीस मिनिटं उलटून गेली होती.

सारिहान ही सेल्जुक सुलतानांच्या काळातली, १२४९ साली बांधलेली सराय आहे. उंटांचे काफिले मुक्कामाला थांबायचे ती जागा. ज्यांच्यापासून सेमाची ही परंपरा चालत आली, ते सूफी कवी मौलाना रूमी तेव्हा कोन्या शहरात हयात होते. पिवळसर दगडाचं ते उंच प्रवेशद्वार आणि त्यावरचं कोरीवकाम पाहायला आम्हाला एक मिनिटही मिळालं नाही. “पटापट चला” म्हणत मॅनेजरनी सगळ्यांना चौकातून पुढे पळवलं. आतल्या दालनाच्या दाराशी काळी बंडी घातलेले एक वयस्कर गृहस्थ उभे होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि एक सलाम, म्हणजे सेमातल्या फिरण्याच्या चार भागांपैकी एक, संपेपर्यंत आम्हाला बाहेर थांबवलं. त्यांचं बरोबरच होतं. विराम आल्यावर आम्हाला आत सोडलं.

म्हणजे काय हुकलं, ते तुमच्या ऑफिसातल्या कुणाला ठाऊक नसावं, म्हणून लिहिते. सुरुवातीला पैगंबरांची स्तुती गायली जाते, तिची चाल जुने तुर्की संगीतकार इत्री यांची मानतात. मग कुदुमवर, म्हणजे छोट्या नगाऱ्यांच्या जोडीवर, ठोका पडतो आणि एकटा नेय वाजतो. नेय म्हणजे बोरूची बासरी, आपल्या बासरीपेक्षा घोगरा, श्वासाने भरलेला आवाज. नंतर सेमाझेन काळे झगे पांघरून दालनाला तीन फेऱ्या मारतात आणि प्रत्येक फेरीत एकमेकांना वाकून अभिवादन करतात. त्यानंतर काळा झगा उतरतो आणि आतला पांढरा घेरदार पोशाख दिसतो. झगा म्हणजे कबर, पांढरा पोशाख म्हणजे कफन आणि डोक्यावरची उंच टोपी म्हणजे थडग्याचा दगड, असा त्याचा अर्थ. आम्ही आत शिरलो तेव्हा झगे केव्हाच उतरले होते. पुस्तकाची पहिली चाळीस पानं फाडून ते हातात द्यावं, तसं झालं.

तरीही जे पाहिलं ते सांगते. दुसरा सलाम सुरू झाला. हात छातीवर फुलीसारखे बांधून एकेक जण पुढे आला, वाकला आणि फिरता फिरता हात हळूहळू उमलत वर गेले. मी कडेच्या रांगेत होते. मऊ चामड्याच्या बुटांचा फरशीवर घासल्याचा बारीक आवाज येत होता आणि पांढऱ्या घेराचा वारा माझ्या पायांना लागत होता. दालनात दुसरा आवाज म्हणजे फक्त वाद्यांचा. माझ्या शेजारी बसलेल्या मुलीने माझा हात घट्ट धरला.

आणि मग आपल्याच गटातून फ्लॅश चमकला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. कुणीतरी मागच्या रांगेत वेफर्सचं पाकीट फोडलं. सलाम संपताच आपल्या दहा-बारा जणांनी टाळ्या वाजवल्या आणि एकाने शिट्टी मारली. बाकीचे सगळे प्रेक्षक वळून आमच्याकडे बघायला लागले. त्या मंडळींना मी दोष देणार नाही. त्यांना तुम्ही ‘डान्स शो’ म्हणून आणलं होतं, आणि शोमध्ये टाळ्या वाजवणं हाच शिष्टाचार असतो. हा उपासनेचा विधी आहे, इथे टाळ्या नाहीत, चालू असताना फोटो नाहीत, हे बसमध्ये दोन वाक्यांत सांगता आलं असतं. बसमध्ये त्या वेळी दुसऱ्या दिवशीच्या बलूनचे पैसे गोळा करणं चाललं होतं.

तिसऱ्या सलामाला लय वाढते. ती वाढायला लागली आणि मॅनेजर मोबाईलचा टॉर्च लावून रांगांमधून आले. “चला, चला, डिनर साडेसातला आहे, तिकडचं बुकिंग जाईल.” सेमाझेन फिरत असताना! मी हाताने थांबा म्हटलं. माझे यजमान म्हणाले, “आम्ही मागाहून टॅक्सीने येतो.” त्यावर उत्तर आलं की गटापासून वेगळं राहायची परवानगी नाही, काही झालं तर कंपनी जबाबदार नाही. अठ्ठावीस माणसं उठली. दगडी फरशीवर खुर्च्या सरकल्याचा आवाज त्या घुमटदार दालनात किती मोठा होतो, ते मी सांगू शकत नाही. आम्ही जेमतेम वीस मिनिटं बसलो होतो. दाराशी ते वयस्कर गृहस्थ तसेच उभे होते. त्यांनी छातीवर हात ठेवून आम्हा प्रत्येकाला वाकून निरोप दिला. मला त्यांच्याकडे मान वर करून बघवलं नाही.

चौथ्या सलामात मेंढीच्या लाल कातड्यावर बसलेले प्रमुख स्वतः उठून येतात आणि मधोमध हळू फिरतात. मग कुराणाचं पठण आणि प्रार्थना होऊन विधी पुरा होतो. बसमध्ये माझ्या विद्यार्थिनीने विचारलं, “ताई, ते आजोबा उठतात म्हणाला होतात ना?” काय उत्तर देणार होते मी? आपल्याकडे कीर्तन रंगात आलेलं असताना, पसायदान व्हायच्या आत, टॉर्च मारून श्रोत्यांना कुणी उठवेल का? रूमींनी १७ डिसेंबर १२७३ रोजी देह ठेवला आणि त्यानंतर दोनच वर्षांनी ज्ञानेश्वर माउलींचा जन्म मानला जातो. मराठी माणसाला ही परंपरा परकी वाटायचं कारणच नाही. फक्त कुणी सांगायला हवं.

रात्री एका गुहेतल्या रेस्टॉरंटमध्ये नेलं. तिथे पोटाचा नाच होता, मोठ्याने गाणी होती आणि पर्यटकांना हाताला धरून नाचवणं होतं. ज्यांना आवडलं त्यांनी आनंद घेतला, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ‘पारंपरिक’ शब्द वापरायचाच तर तुर्कस्तानात हालाय आहे, काळ्या समुद्राकाठचा होरोन आहे, एजियनकडचा झेयबेक आहे, ज्यात नाचणारा ससाण्यासारखे हात पसरून सावकाश गुडघा टेकतो. झेयबेक दाखवला असता तर मी स्वतः पुढच्या रांगेत बसले असते. तिथे यातलं काही नव्हतं. आणि या जेवणासाठी सेमा तोडला गेला.

परत आल्यावर १८ आणि २१ ऑक्टोबरला मी तुमच्या ग्राहक सेवेला फोन केला. पहिल्यांदा सांगितलं, “मॅडम, शो तर दाखवला ना?” दुसऱ्यांदा सांगितलं की व्हाउचर वापरलं गेलं असल्याने परतावा बसत नाही. तिकीट लावून होतो म्हणजे तो शोच, असाही मुद्दा मांडला गेला. तिकीट असतं हे मला माहीत आहे. १९२५ साली कायद्याने दरवेशांचे मठ बंद झाले, सेमाही थांबला. १९५० च्या दशकात कोन्यात तो पुन्हा लोकांसमोर आला तो सांस्कृतिक कार्यक्रम म्हणूनच, आणि २००८ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. परक्यांसमोर, तिकीट लावून करावा लागतो, म्हणूनच तर तिथली माणसं शांतता आणि फोटोबद्दल इतकी काटेकोर असतात. ते नियम पाळायला लावणं ही आम्हाला तिथे नेणाऱ्याची जबाबदारी होती.

टूर मॅनेजर तरुण आहेत, कष्टाळू आहेत, सगळ्यांच्या बॅगा स्वतः उचलत होते. त्यांना कामावरून काढावं अशी माझी मुळीच मागणी नाही. त्यांनाही कुणी काही सांगितलेलं नव्हतं. त्यांच्या हातातल्या कागदावर ‘६ ते ७ डान्स शो’ आणि पुढच्याच ओळीत ‘७.३० डिनर’ असं छापलेलं मी पाहिलं आहे. तो कागद तुमच्या कार्यालयात तयार झाला.

माझी मागणी अशी आहे. आमचे चौघांचे २८० युरो, ज्या दराने घेतले त्या दराने रुपयांत परत करावेत. पत्रकातली ती ओळ बदलून तिथे सेमा आणि सारिहान ही नावं स्पष्ट लिहावीत, आणि पोटाच्या नाचाचं जेवण वेगळं दाखवावं, म्हणजे ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं. सेमाच्या दिवशी दुपारनंतर एकही दुकान ठेवू नये. तुमच्या टूर मॅनेजरनी निघण्यापूर्वी बसमध्ये पाच मिनिटं माहिती द्यावी. ती मराठीत लिहून द्यायला मी तयार आहे, मानधन नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या संध्याकाळी आपल्या गटाकडून जे वर्तन झालं त्याबद्दल सारिहानच्या व्यवस्थापनाला तुमच्या कंपनीने लेखी दिलगिरीचं पत्र पाठवावं आणि त्याची प्रत मला द्यावी. पैसे परत द्यायला तुम्ही वेळ मागितलात तर मी देईन. दिलगिरीच्या त्या पत्राला वेळ देणार नाही.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावं. न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवून, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल मी नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. त्यासाठी कायद्याने दोन वर्षांची मुदत आहे, मी इतकं थांबणार नाही.

सोबत : २८० युरोंची पावती, व्हाउचर, माहितीपत्रकाचं सहाव्या दिवसाचं पान, आणि गालिच्यांच्या दुकानातून बस सुटताना माझ्या यजमानांनी घेतलेला फोटो, ज्यावर वेळ दिसते.

आपली,
सहलीतील एक ग्राहक
(सही)