दर्यावर जाताना तिथी बघून जावा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीतल्या सहलींवर लेख आला होता, तो वाचला. वेंगुर्ला-मालवणचे बीच, राहायची सोय, थाळी कुठे चांगली मिळते, सगळं होतं त्यात आणि फोटो पण मस्त होते. पण समुद्राच्या पाण्याबद्दल एक ओळ नव्हती म्हणून मुद्दाम लिहायला बसले. माझं माहेर वेंगुर्ल्याजवळ उभादांड्याला आणि सासर इथं बेळगावात शहापुरात, त्यामुळे दोन्हीकडचं बघतेय. मे महिन्यात आणि दिवाळीत आपल्याकडच्या गाड्या हिंडलगा, बाची, शिनोळी करत आंबोली घाट उतरून येतात, दुपारी बारा-एकला किनाऱ्यावर पोचतात, जेवण होतं, आणि सगळे थेट पाण्यात. लहान पोरं, बायका, पोहायला येणारे न येणारे सगळेच. संध्याकाळी परत निघायचं असतं म्हणून जेवढं होईल तेवढं पाण्यात खेळून घ्यायचं असं चाललेलं असतं. माझ्या माहेरची माणसं जीव मुठीत धरून बघत असतात, ओरडून सांगतात, पण ऐकतंय कोण.

एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे ८ जण बुडून गेले. ते दिवस आठवले की अजून घशाशी येतं, अख्खं गाव सुन्न झालं होतं. त्यानंतर पण बातम्या थांबल्या नाहीत. आपण नदी, विहीर, तळं बघितलेली माणसं, तिथलं पाणी जागच्या जागी असतं नाहीतर एकाच दिशेनं जातंय हे डोळ्याला दिसतं. समुद्राचं तसं नाही. वर लाटा किनाऱ्याकडे येताना दिसतात आणि खालून पाणी माणसाला आत ओढून नेत असतं. आमच्याकडे म्हणतात आज पाण्याला ओढ आहे, म्हणजे त्या दिवशी गावचा माणूस पण गुडघ्याच्या पुढे जात नाही. दोन लाटांच्या मधे जिथे फेस नाही, पाणी जरा गडद आणि शांत वाटतं, आपली माणसं तिथेच जातात कारण ते सेफ दिसतं, आणि नेमकी ओढ तिथेच असते. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे तोंड करून हातपाय मारत बसलं की माणूस थकून जातो, त्यापेक्षा किनाऱ्याला समांतर आडवं सरकायचं, ओढीचा पट्टा अरुंद असतो, त्यातून बाहेर पडलं की मग लाटेबरोबर किनाऱ्याकडे यायचं. आणि बाहेरच्यांनी मागोमाग उड्या मारायच्या नाहीत. दोरी, रिकामा कॅन, ट्यूब, जे मिळेल ते फेकायचं.

आता तिथीचं सांगते. आमच्या बाबांनी लहानपणी शिकवलेला हिशेब आहे आणि कोकणात सगळ्यांना माहीत असतो. त्या दिवशीची तिथी घ्यायची आणि पाऊणनं गुणायचं, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असली तर आठाला पाऊणनं गुणून सहा, म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाच्या पुढेमागे भरती, दुपारी बाराला ओहोटी. दशमीला साडेसात. पौर्णिमा किंवा अमावास्या असली तर पंधराला पाऊणनं गुणून सव्वाअकरा, म्हणजे सव्वाअकराला भरती पूर्ण होते आणि तिथून संध्याकाळी सव्वापाचपर्यंत पाणी बाहेर जात राहतं. थोडंफार इकडेतिकडे होतं, पण हिशेब जमतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, अष्टमीच्या सुमारास भांग असतो तेव्हा जोर कमी. आता बघा, उधाणाच्या दिवशी दुपारी दोन-तीनला पाणी सगळ्यात जोरात बाहेर जात असतं आणि नेमकी तीच वेळ बेळगावच्या माणसांची पाण्यात उतरायची. कालनिर्णय प्रत्येकाच्या भिंतीवर आहे, निघायच्या आधी एकदा बघायला काय जातंय? भांगाचा दिवस असला म्हणून समुद्र गरीब झाला असं पण नाही. पावसाळ्यात तर पाण्यात उतरूच नये, जून-जुलैत कोळ्यांच्या होड्या सुद्धा बंद असतात.

आणि मला खरं सांगायचंय ते पुढेच आहे. वेंगुर्ल्यात येऊन पाण्यात डुंबणं हे एकच काम नाही हो. मोकळ्यावर फिरण्यासारखं एवढं आहे की दोन दिवस पुरायचे नाहीत, पण आपले लोक बीच आणि हॉटेल एवढंच बघून परत जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

पहिलं म्हणजे रात्री मुक्काम करा आणि सकाळी लवकर बंदरावर जावा. होड्या येतात, टोपल्या उतरतात, तिथेच मासळीचा लिलाव चालतो, कुठला मासा कसा दिसतो, ताजा कसा ओळखायचा हे बघून कळतं, पोरं तर हलायला तयार होत नाहीत. फक्त बायका कामात असतात तेव्हा मधे उभं राहून रील काढू नका. बाजूला टेकडीवर लाइट हाऊस आहे, संध्याकाळच्या वेळी वर गेलं की अख्खा किनारा दिसतो. नवाबागकडे झुलता पूल झालाय, तिथून मांडवी खाडी दिसते.

त्या खाडीतच महिला बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन, म्हणजे खाडीतल्या खारफुटीचं रान, दाखवायला नेतात आणि माझ्या मते वेंगुर्ल्यात सगळ्यात बघण्यासारखं काही असेल तर हे. होडी वल्हवायला त्याच आणि माहिती सांगायला पण त्याच. झाडांची मुळं चिखलातून वर का येतात (चिखलात हवा नसते म्हणून), माशांची पिल्लं या मुळांत कशी वाढतात, हे झाड तोडलं तर किनारा कसा खचतो, हे सगळं मालवणीत गप्पा मारत सांगतात. खंड्या, बगळे जवळून बघायला मिळतात. आवाज नाही, इंजिन नाही. माझ्या जाऊबाई पाण्याला फार घाबरतात, त्या पण आनंदानं बसून आल्या आणि अजून सगळ्यांना सांगत असतात. यालाही भरती बघावी लागते, पाणी उतरलं की होडी आत जात नाही, म्हणून आधी फोन करून वेळ ठरवायची.

हिवाळ्यात येणार असाल तर वायंगणीचा किनारा. ऑलिव्ह रिडले कासवं तिथे अंडी घालायला येतात, गावातली माणसं आणि वनखातं मिळून ती अंडी कुंपण घालून जपतात, साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात आणि ती समुद्रात सोडताना बघायला मिळतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये चान्स चांगला. पिल्लांना हात लावायचा नाही, मोबाईलचा फ्लॅश मारायचा नाही, लाइटनं ती वाट चुकतात.

सागरेश्वराचं देऊळ वाळूतच आहे, सुरूच्या बनातून चालत जावा. शिरोड्याकडे जाताना आरवलीचा वेतोबा लागतो, तिथे नवस फेडायला केळ्यांचे घड आणि मोठाले चामड्याचे जोडे वाहतात. पुढे शिरोड्याची मिठागरं, १९३० साली इथे मिठाचा सत्याग्रह झाला हे पोरांना जागेवर उभं करून सांगा, पुस्तकातल्यापेक्षा लक्षात राहतं. रेडीचा गणपती आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच गावचा यशवंतगड कोणी चढत नाही. दुसऱ्या बाजूला किल्ले निवती, चढ थोडासाच, वरून भोगव्याची वाळू दिसते.

गावातली डच वखार सतराव्या शतकातली, आता पडझड झालीय, बाहेरूनच बघावी लागते, पण बघा. कारण रेल्वे मुरगावला जायच्या आधी आपल्या बेळगाव भागाचा माल बैलगाड्यांनी घाट उतरून वेंगुर्ल्याच्या बंदरालाच जायचा. आपल्या बेळगावातला वेंगुर्ला रोड उगीच नाही त्या नावाचा. आणि चंदगड-खानापूरच्या काजूवाल्यांना तर वेंगुर्ला सांगायलाच नको, वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जाती तिथल्या फळ संशोधन केंद्राच्याच. कलमं आणायला गेलेला शेतकरी बंदर न बघता परत येतो असं पण बघितलंय.

अजून एक, कचरा. वेंगुर्ला नगरपरिषदेनं कचरा वेगवेगळा करून डंपिंग ग्राउंड बंद करून दाखवलं, प्लास्टिक बारीक करून रस्त्याच्या डांबरात घातलं, गावातली साधी माणसं घरोघरी कचरा वेगळा ठेवतात. तिथे आपण वाळूत बाटल्या आणि वेफरची पाकिटं टाकून येतो आणि गाडीवर नंबर केए-२२, म्हणजे आपल्या बेळगावचा, असतो. माहेरी बसून ते ऐकून घेताना मान खाली जाते. बाटली फुटली की सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्यांच्या पायात काचा जातात, त्यांचे पाय अनवाणी असतात. जाताना गाडीत एक मोठी पिशवी ठेवा आणि कचरा परत आणा, एवढंच.

तर संपादकसाहेब, विनंती अशी की आपल्या पेपरात बेळगावचं हवामान रोज येतं, त्याच्या शेजारी शुक्रवार-शनिवारी वेंगुर्ला-मालवणची भरती-ओहोटीची वेळ छापावी. दोन ओळींची जागा लागेल. कोकणातल्या पेपरात ती येते, पण तिथल्या माणसाला ती तशीही माहीत असते, गरज आपल्याला जास्त आहे. आणि शाळा-कॉलेजच्या सरांना पण सांगणं आहे, सहल ठरवताना तारीख कॅलेंडर बघून ठरवा आणि किनाऱ्यावर पोचल्यावर पहिल्यांदा गावातल्या कुणाला तरी विचारा, आज पाणी कसं आहे. ते खरं सांगतात.

आपली एक वाचक,
शहापूर, बेळगाव